मालट्रकशी अपघात आणि आपला विम्याचा हक्क

या देशात येऊन स्थायिक झालेल्या आमच्या समाजातील कुटुंबांना मोटार ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. मुंबई-ठाण्यास जी कामे लोकलने, बसने किंवा पायी उरकत, ती येथे मोटारीवाचून होत नाहीत. कामावर जाणे, मुलांना शाळेत पोहोचविणे, आजारी नातलगाच्या भेटीस शहराच्या दुसऱ्या टोकाला जाणे, या सर्वांस मोटार हवी. आणि टोरांटोच्या परिसरात राहणाऱ्यास तर ४०१ क्रमांकाचा महामार्ग टाळणे कठीण. विंडसरपासून क्वेबेकच्या सीमेपर्यंत सुमारे ८२८ किलोमीटर पसरलेला हा रस्ता म्हणजे ऑन्टारिओच्या व्यापाराची धोरी नस होय. त्यावर आपल्या मोटारीच्या दोन्ही अंगांना अहोरात्र मालट्रक धावत असतात. साध्या मोटारीचे वजन दीड हजार किलोच्या आसपास, तर ऑन्टारिओच्या कायद्याने मालासहित ट्रकला परवानगी असलेले कमाल वजन ६३,५०० किलो. म्हणजे एका बाजूस एक मोटार आणि दुसऱ्या बाजूस चाळीसांहून अधिक मोटारींचा भार. अशी टक्कर झाली तर इजा कोणास अधिक होणार, हे निराळे सांगावयास नको.

गाडी सावधपणे चालवावी याविषयी पुष्कळ लिहिले जाते. अपघात होऊन गेल्यावर काय करावे याविषयी मात्र आपल्या भाषेत फारसे लिहिलेले आढळत नाही. म्हणून हा लेखप्रपंच. जेथे प्रांताचा उल्लेख नाही तेथे ऑन्टारिओचे नियम समजावेत. इतर प्रांतांविषयी शेवटी थोडे लिहिले आहे. आमचे सांगणे थोडक्यात असे, की अशा प्रसंगी आपल्या माणसांचे नुकसान कायदा प्रतिकूल आहे म्हणून क्वचितच होते. ते होते तीन कारणांनी: संकोच, विलंब आणि घाईची सही. ट्रकच्या मागे एक मोठी कंपनी, तिची विमा कंपनी आणि तिचे वकील उभे असतात, आणि ती मंडळी पहिल्या दिवसापासून कागद जमवू लागतात. आपणही तेच करावयास हवे.

संकोच कशाचा?

“जीव वाचला, आणखी काय पाहिजे?” अपघातातून सुखरूप सुटल्यावर आपल्या घरांतून हेच उद्गार प्रथम निघतात. घरी मलिदा होतो, एलियाहू हन्नाबीचे स्मरण करून देवाचे आभार मानले जातात. हे सर्व योग्यच आहे. परंतु देवाचे आभार मानल्याने विमा कंपनीवरचा आपला हक्क सुटत नाही. ज्या विम्याचा हप्ता आपण वर्षानुवर्षे भरीत आलो, त्याचा लाभ मागणे म्हणजे कोणापुढे पदर पसरणे नव्हे.

संकोचाचे दुसरे कारण आपण मायदेशातून बरोबर आणले आहे. मुंबईत रस्त्यावर दोन गाड्या घासल्या, तर चार माणसे जमतात, बाचाबाची होते, काही रुपये हातावर ठेवले जातात आणि प्रकरण मिटते. इजा गंभीर असेल तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज होतो, आणि समोरच्या वाहनाच्या मालकास व त्याच्या विमा कंपनीस तेथे प्रतिवादी करावे लागते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या कानांत बसलेली. त्यामुळे येथेही आपली समजूत अशी होते, की दोष ट्रकवाल्याचा, तर भांडण ट्रकवाल्याच्या कंपनीशी. आणि भांडण नको असेल तर गप्प बसावे.

ऑन्टारिओत रीत निराळी आहे. २२ जून १९९० पासून येथे ज्या व्यवस्थेचा पाया घातला गेला, तिच्यानुसार अपघात कोणाच्याही चुकीने होवो, जखमी मनुष्याच्या उपचाराचा व इतर लाभांचा पहिला अर्ज त्याच्या स्वतःच्या विमा कंपनीकडे जातो. मोटारीच्या नुकसानीचेही तसेच. अपघात ऑन्टारिओत झाला असेल आणि समोरच्या वाहनाचा विमा येथे परवाना असलेल्या कंपनीचा असेल, तर ज्या प्रमाणात दोष आपला नाही त्या प्रमाणात आपली मोटार आपलीच कंपनी दुरुस्त करून देते. तेवढ्यापुरती भाड्याची मोटार आणि गाडीतील सामानाचे नुकसानही त्यात येते. मात्र १ जानेवारी २०२४ पासून हप्ता कमी करण्यासाठी हे संरक्षण सोडून देण्याची मुभा मिळाली आहे. थोडे पैसे वाचतात म्हणून कोणी ते सोडले असेल, तर त्याला दोष नसतानाही मोटारीची भरपाई मिळणार नाही. पॉलिसी काढून ही एक ओळ आजच पाहावी.

“चूक ट्रकची आणि पैसे आमच्या कंपनीने का द्यावेत?” हा प्रश्न प्रामाणिक मनुष्याला पडतो. त्याचे उत्तर विमा कायद्यातच आहे. अपघातात ४,५०० किलोंहून अधिक वजनाचे व्यापारी वाहन गुंतले असेल, तर जखमी माणसाला दिलेल्या लाभांची रक्कम, पहिले २,००० डॉलर सोडून, आपली कंपनी त्या ट्रकच्या विमा कंपनीकडून दोषाच्या प्रमाणात वसूल करू शकते. तो हिशेब दोन कंपन्या आपसांत करतात, आपण त्यात पडावयाचे नसते. शिवाय ज्या अपघातात आपला दोष नाही त्याच्या कारणाने आपला हप्ता वाढविण्यास येथील नियमांनी मनाई आहे. तेव्हा संकोचाला जागाच उरत नाही.

रस्त्यावरची पहिली घटका

शक्य असेल तर मोटार रस्त्याच्या कडेला घ्यावी, इशाऱ्याचे दिवे लावावेत आणि ९११ ला फोन करावा. कोणासही इजा झाली असेल तर पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. केवळ मालमत्तेचे नुकसान असेल तर सर्व मिळून ५,००० डॉलरांवर गेल्यास कळवावे लागते. १ जानेवारी २०२५ पूर्वी ही मर्यादा २,००० डॉलर होती. पण ट्रकशी टक्कर झाली असता नुकसान थोडे दिसले तरी कळवावेच, असे आमचे मत आहे. वरून पत्रा सरळ दिसतो आणि आत सांगाडा वाकलेला असतो.

मोटारींच्या अपघातात समोरच्याचा परवाना, विम्याची चिठ्ठी आणि नंबर टिपून घेतला की काम भागते. ट्रकच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. पुढचे इंजिनचे वाहन एकाचे, मागचा ट्रेलर दुसऱ्याचा आणि माल तिसऱ्याचा, असे सर्रास असते, आणि त्यांचे विमेही वेगवेगळ्या कंपन्यांकडे असतात. म्हणून पुढच्या व मागच्या दोन्ही नंबरपाट्यांचे फोटो घ्यावेत. चालकाच्या दारावर रंगविलेले कंपनीचे नाव टिपावे. ऑन्टारिओत ४,५०० किलोंवरील व्यापारी वाहन चालविणाऱ्या कंपनीची सरकारदरबारी नोंदणी असते. तिला सीव्हीओआर म्हणतात. तिचा दाखला चालकाजवळ असावा लागतो. त्यावरील क्रमांक मागून घ्यावा. ट्रक अमेरिकेतील असेल तर राज्याचे नाव आणि दारावरचा डॉट क्रमांक टिपावा. चाकांच्या खुणा, रस्त्यावर पडलेला माल, बर्फाची स्थिती, सिग्नल यांचेही फोटो असू द्यावेत. थांबलेल्या साक्षीदाराचे नाव व फोन लगेच घ्यावा. तो दहा मिनिटांत निघून जातो आणि मग सापडत नाही. आपल्या मोटारीत कॅमेरा असेल तर त्यातील चित्रण त्याच दिवशी निराळे साठवून ठेवावे, कारण नवे चित्रण जुन्यावर चढत जाते.

ट्रक न थांबता निघून गेला, तरी हात झाडून बसू नये. पळून गेलेल्या वा विमा नसलेल्या वाहनाविरुद्धचे संरक्षण येथील प्रत्येक पॉलिसीत असते. मात्र पोलिसांना शक्यतो २४ तासांच्या आत कळवावे लागते, आणि तेथे साक्षीदार व चित्रण यांचे मोल फार वाढते.

या देशात पदोपदी “सॉरी” म्हणण्याची पद्धत आहे आणि ती आपल्याही तोंडात बसली आहे. ती धास्तीची गोष्ट नव्हे. ऑन्टारिओच्या २००९ च्या अ‍ॅपॉलॉजी अ‍ॅक्टप्रमाणे दिवाणी दाव्यात माफीचा शब्द हा दोषाचा कबुलीजबाब मानला जात नाही. परंतु “चूक माझीच, मी पाहिले नाही” हे वाक्य माफीच्या पुढचे आहे. ते उच्चारू नये, कशावर लिहूनही देऊ नये. पोलिसांना जे घडले ते खरे आणि थोडक्यात सांगावे. ज्याची खात्री नाही त्याचा अंदाज बांधू नये.

टो-ट्रकविषयी एक इशारा. २०२१ च्या कायद्यानुसार या व्यवसायाला प्रांताचा परवाना लागतो, आणि मोटार ओढून नेण्यापूर्वी मालकाची लेखी संमती घ्यावी लागते. ती कोठे न्यावयाची हे सांगण्याचा अधिकार आपला आहे. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नये. विशेषतः दुरुस्तीची किंवा वकिलाची नेमणूक त्याच कागदात दडलेली नाही, हे पाहावे.

ट्रकच्या कागदांचे आयुष्य

मालट्रकच्या अपघातात दोष पुष्कळदा रस्त्यावर दिसत नाही. तो कंपनीच्या दप्तरात असतो. चालक किती तास झोपला होता, ब्रेक शेवटचे केव्हा तपासले होते, माल नीट बांधला होता की नाही, या प्रश्नांची उत्तरे तेथे मिळतात. केंद्रीय नियमाप्रमाणे साठाव्या अक्षांशाच्या दक्षिणेस व्यापारी वाहनाच्या चालकाला एका दिवसात १३ तासांहून अधिक वाहन चालविता येत नाही. प्रांताबाहेर वा सीमेपार जाणाऱ्या ट्रकांना हे तास मोजणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र १२ जून २०२१ पासून कायद्याने आवश्यक झाले. रोज निघण्यापूर्वी वाहन तपासून त्याची लेखी नोंदही ठेवावी लागते.

पण येथेच सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. चालकाच्या तासांच्या नोंदी कंपनीने सहा महिने जपून ठेवणे बंधनकारक आहे. त्यानंतर त्या नष्ट केल्या तर तिला दोष देता येत नाही. जखमी मनुष्य वर्षभराने बरा होऊन वकिलाकडे जातो, तोवर त्याचा सर्वांत मोठा पुरावा कायदेशीरपणे संपलेला असतो. म्हणून इजा गंभीर असेल तर पहिल्या काही आठवड्यांतच वकिलामार्फत ट्रककंपनीस लेखी सूचना जावी, की तासांच्या नोंदी, तपासणीचे कागद, इंजिनातील यंत्राची माहिती आणि चित्रण यांपैकी काही नष्ट करू नये. कंपनीच्या सीव्हीओआर नोंदीचा उतारा, म्हणजे तिच्या अपघातांचा व गुन्ह्यांचा गोषवारा, अल्प शुल्क भरून कोणासही मागविता येतो.

या कागदांचे मोल काय असते ते या देशाने एका भयंकर प्रसंगी पाहिले. ६ एप्रिल २०१८ रोजी सॅस्कॅचेवानमध्ये हंबोल्ट ब्रॉन्कोस या तरुणांच्या हॉकी संघाची बस आणि एक मालट्रक यांची चौरस्त्यावर टक्कर होऊन सोळा जण मृत्यू पावले व तेरा जखमी झाले. ट्रकचालकाने थांबण्याचे चिन्ह ओलांडले होते. तो भारतातून आलेला तरुण होता आणि त्याला जेमतेम दोन आठवड्यांचे शिक्षण मिळाले होते. त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. पण तपासात त्याच्या तासांच्या नोंदींतही अनेक उल्लंघने आढळली, आणि ट्रककंपनीच्या मालकाने नोंदी न ठेवल्याचे गुन्हे कबूल केले. त्यानंतर २०१९ मध्ये सॅस्कॅचेवान, अल्बर्टा व मॅनिटोबा या प्रांतांनी नव्या ट्रकचालकांचे प्रशिक्षण सक्तीचे केले. ऑन्टारिओने ते २०१७ पासूनच केले होते. चालकाची चूक क्षणाची असते; तिच्या मागची निष्काळजी कित्येक महिन्यांची असू शकते, आणि तिचा माग दप्तराखेरीज अन्यत्र लागत नाही.

दोष कसा ठरतो?

मोटारीच्या भरपाईसाठी विमा कंपन्या दोष मर्जीने ठरवीत नाहीत. त्यासाठी प्रांताची दोषनिर्णयाची नियमावली आहे आणि तीत चाळीसहून अधिक प्रकारच्या टकरी वर्णिलेल्या आहेत. मागून धडकणारा पूर्ण दोषी. शेजारच्या ओळीतून वाहन आत घालणारा पूर्ण दोषी. हवामान, धुके, घसरडा रस्ता यांचा विचारच करावयाचा नाही, असे नियमावली स्पष्ट सांगते. “बर्फ होते म्हणून ट्रक थांबला नाही,” ही सबब येथे चालत नाही. तशीच ती आपलीही चालत नाही. एकाच चौकात वळताना ट्रकच्या लांबीमुळे मोटार चेपली गेली, तर वाहने कोणत्या ओळीत होती यावर सारे अवलंबून असते. म्हणून त्या जागेचे फोटो घ्यावेत असे वर लिहिले.

अ‍ॅडजस्टरचा निर्णय पटला नाही, तर कोणता नियम लावला हे लेखी विचारावे. मोटार मोडीत काढून मोबदला देऊ केला आणि तो कमी वाटला, तर त्याच वर्षाच्या, तितक्याच मैल धावलेल्या मोटारींच्या विक्रीच्या जाहिराती जमवून दाखवाव्यात. किमतीवर मतभेद राहिल्यास तटस्थ मूल्यमापनाची सोय विमा कायद्यात आहे. न्यायालय मात्र या नियमावलीने बांधलेले नसते. कंपनीने पन्नास टक्के दोष दिला म्हणून न्यायालयही तसेच म्हणेल असे नाही.

शरीराचा दावा

अपघातानंतर सात दिवसांच्या आत, किंवा त्यानंतर शक्य तितक्या लवकर, आपल्या कंपनीस कळवावे. ती अर्जाचे कागद पाठविते. मुख्य अर्ज ओसीएफ-१ हा होय. तो हाती आल्यापासून तीस दिवसांत भरून परत करावयाचा. पगार बुडत असेल तर मालकाने ओसीएफ-२ भरावयाचा, डॉक्टराने असमर्थतेचा दाखला ओसीएफ-३ वर द्यावयाचा, आणि उपचाराची योजना ओसीएफ-१८ वर जावयाची.

अंगदुखी, मुरगळ, मानेचा झटका यांसारख्या किरकोळ मानलेल्या इजांसाठी उपचाराची मर्यादा ३,५०० डॉलर आहे. त्याहून गंभीर इजेसाठी उपचार, पुनर्वसन व परिचर्या मिळून ६५,००० डॉलर, आणि महाभयंकर इजेसाठी दहा लाख डॉलर. हे आकडे पाहिले म्हणजे ध्यानात येईल, की इजा कोणत्या वर्गात घातली गेली यावर कुटुंबाचे भवितव्य ठरते. आपल्या लोकांना “ठीक आहे, होईल बरे” असे डॉक्टराला सांगण्याची सवय असते. डॉक्टर तेच लिहितो आणि कंपनी तेच वाचते. दुखणे, झोप न लागणे, गाडीत बसण्याची भीती, विसराळूपणा, हे सर्व पहिल्याच भेटीत सांगावे. वाढवून सांगू नये आणि लपवूही नये. एका वहीत तारीखवार दुखणे, भेटी, खर्च आणि कोणाशी फोनवर काय बोलणे झाले, हे लिहीत जावे. ती वही मराठीत असली तरी चालेल.

कमावत्या माणसाला पहिला आठवडा सोडून ढोबळ पगाराच्या सत्तर टक्के, आठवड्यास जास्तीत जास्त ४०० डॉलर, असा लाभ पूर्वीपासून प्रत्येक पॉलिसीत होता. न कमावत्या गृहिणीस किंवा निवृत्त माणसास, नेहमीचे जीवन जगणे पूर्ण अशक्य झाल्यास, चार आठवड्यांनंतर आठवड्यास १८५ डॉलर मिळत. येथे १ जुलै २०२६ ही तारीख ध्यानात ठेवावी. त्या दिवसापासून घेतलेल्या किंवा नूतनीकरण झालेल्या पॉलिसींत उपचार, पुनर्वसन व परिचर्या एवढेच लाभ सक्तीचे राहतात; पगाराचा, गृहिणीचा, मृत्यूचा व अंत्यविधीचा लाभ विकत घेतला तरच असतो. हप्ता काही डॉलरांनी उतरला याचा आनंद मानण्यापूर्वी घरातील एकट्या कमावत्याचा पगार थांबला तर काय, याचा विचार व्हावा.

भारतातून वा इस्राएलहून भेटीस आलेल्या आईवडिलांविषयी आम्ही मुद्दाम लिहितो. त्यांना प्रांताचा आरोग्य विमा नसतो, म्हणून अपघातात ते जखमी झाले की मुले प्रवासी विम्याचे कागद शोधू लागतात किंवा खिशातून भरतात. परंतु पाहुणा म्हणून मोटारीत बसलेल्या आणि स्वतःची येथील पॉलिसी नसलेल्या मनुष्यालाही त्या मोटारीच्या विम्यातून अपघाताचे लाभ मागता येतात. त्यांचा अर्ज स्वतंत्र भरावा.

अपघात कामाच्या वेळी, मालकाच्या कामासाठी गाडी चालविताना झाला असेल, तर वाट बदलते. कामगार नुकसानभरपाईचा, म्हणजे डब्ल्यूएसआयबीचा, प्रश्न उभा राहतो आणि ट्रककंपनीवर दावा लावण्याचा अधिकारही पुष्कळदा राहत नाही. कोणताही कागद भरण्यापूर्वी अशा माणसाने सल्ला घ्यावा.

ट्रककंपनीवरचा दावा आणि घाईची सही

आपल्या कंपनीकडून मिळणारे लाभ निराळे आणि दोषी ट्रकचालक व त्याच्या मालकावर लावावयाचा दावा निराळा. दावा लावण्याचा मानस असल्यास अपघातापासून १२० दिवसांत लेखी सूचना द्यावी, आणि दावा सर्वसाधारणपणे दोन वर्षांत दाखल व्हावा. वेदना व यातनांची भरपाई मिळण्यासाठी इजा कायमची, गंभीर आणि महत्त्वाच्या शारीरिक वा मानसिक व्यापाराची हानी करणारी असावी लागते. शिवाय मंजूर रकमेतून ठरावीक वजावट होते, जी २०२५ साली ४६ हजार डॉलरांहून अधिक होती. मोठ्या रकमांना ती लागत नाही. म्हणून दुखापत थोडी असता कोणी लाखांची आशा दाखविली, तर तिच्यावर विसंबू नये.

याउलट, कधी कधी ट्रककंपनीच्या वतीने लवकरच एक गोड बोलणारा मनुष्य येतो, काही हजार डॉलरांचा धनादेश पुढे करतो आणि एका कागदावर सही मागतो. त्या कागदाला रिलीज म्हणतात. सही झाली की पुढे कण्याची शस्त्रक्रिया निघाली तरी दार बंद. आपल्या स्वतःच्या कंपनीच्या लाभांबाबत कायद्याने थोडे संरक्षण दिले आहे: अपघाताला एक वर्ष होण्यापूर्वी ते लाभ एकरकमी मिटविता येत नाहीत, आणि नंतर मिटविले तरी दोन कामकाजाच्या दिवसांत सही मागे घेता येते. ट्रककंपनीच्या कागदाला ही सवलत नाही. तो घरी आणावा, वकिलाला दाखवावा, मग सही करावी. लॉ सोसायटी ऑफ ऑन्टारिओच्या सेवेमार्फत वकिलाशी अर्ध्या तासापर्यंत विनामूल्य बोलता येते. वकील निकालाच्या वाट्यावर फी घेत असेल तर टक्केवारी आणि खर्च लेखी असावेत.

स्वतःच्या कंपनीने लाभ नाकारला, तर नकाराच्या पत्रापासून दोन वर्षांत लायसन्स अपील ट्रिब्युनलकडे अर्ज करता येतो. १ एप्रिल २०१६ पासून हे वाद तेथे चालतात. नकाराचे पत्र लिफाफ्यासह जपून ठेवावे.

इतर प्रांतांतील वाचकांसाठी

क्वेबेकमध्ये १ मार्च १९७८ पासून शारीरिक इजेची भरपाई सरकारी संस्थेकडून मिळते आणि दोषी चालकावर दावा लावता येत नाही. मोटारीची भरपाई खाजगी विम्यातून होते. मॅनिटोबात १९९४ पासून अशीच पद्धत आहे. ब्रिटिश कोलंबियाने १ मे २०२१ पासून दाव्याचा मार्ग बहुतांशी बंद केला. तेथे भांडण वकिलापेक्षा डॉक्टरांच्या अहवालांवर चालते. पण मुदती, नोंदी आणि लेखी उत्तर यांची गरज तेथेही तितकीच.

शेवटी एक सूचना. प्रत्येक कुटुंबाने एका रविवारी पॉलिसी बाहेर काढून, तिच्यात काय आहे आणि काय सोडले आहे ते वडीलधाऱ्यांसह एकत्र बसून वाचावे. इंग्रजी ज्यांना जड जाते त्यांना घरातील तरुणांनी आपल्या भाषेत समजावून सांगावे. मोटारीच्या कप्प्यात एक पेन, एक कोरा कागद आणि विमा कंपनीचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्यावी. आणि समाजातील कोणाच्या घरी असा प्रसंग आल्याचे कळले, तर प्रकृतीची विचारपूस करून थांबू नये. कंपनीला कळविले का, अर्ज गेला का आणि कशावर सही तर केली नाही ना, हेही आपुलकीने विचारावे.